हॅलोजन हेडलाइटचा उजेड वाढवायचाय? खरेदीआधी हे तपासा

रात्री गाडीचा उजेड अपुरा वाटायला लागला की पहिला संशय बल्बवर जातो. खोक्यावर ‘दुप्पट उजेड’, ‘पांढराशुभ्र झोत’ असं छापलेलं असतं आणि जोडी विकत घेतली जाते. पण काही वर्षं वापरलेल्या गाडीत उजेड कमी होण्याची कारणं बहुतेक वेळा बल्बच्या बाहेर असतात: पिवळी पडलेली काच, वायरिंगमध्ये वाटेतच हरवणारा व्होल्टेज आणि बिघडलेला फोकस. हे तिन्ही तसंच ठेवून महागडा बल्ब लावणं म्हणजे गळक्या माठात जास्त पाणी ओतण्यासारखं आहे. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. आधी दुरुस्ती, मग बल्ब, आणि एलईडी सगळ्यात शेवटी.

आधी डोळा कसा फसतो ते पाहू

नवा बल्ब लावून पहिल्या रात्री गाडी काढली की बंपरपुढचा दहा-पंधरा मीटर रस्ता लखलखीत दिसतो आणि आपण खूश होतो. गोम इथेच आहे. जवळचा रस्ता जितका उजळ, तितका डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचा अंधार अधिक गडद होतो. रस्त्यात उभं जनावर किंवा बंद पडलेला ट्रक वेळेवर दिसतो की नाही, हे झोताच्या वरच्या काठाजवळ, म्हणजे लांबवर पडणाऱ्या उजेडावर ठरतं. पायाशी पडलेल्या उजेडाचा त्यात काही उपयोग नाही.

त्यात प्रकाशाचं गणितही आपल्या विरुद्ध आहे. अंतर दुप्पट झालं की तेवढाच उजेड पाडायला तीव्रता चौपट लागते. एखाद्या बल्बने झोताची तीव्रता खरोखर ३० टक्क्यांनी वाढवली, तरी पूर्वी ६० मीटरवर दिसणारी वस्तू आता साधारण ६८ मीटरवर दिसेल. फायदा आहे, पण खोक्यावरचा आकडा वाचून मनात येतो तेवढा नाही.

काच: खर्च थोडा आणि सगळ्यात जास्त परतावा

आजच्या बहुतेक हेडलाइटची ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. त्यावर अतिनील किरणांपासून बचाव करणारा पातळ थर असतो. ऊन आणि धूळ तो थर खातात, आणि मग खालचं प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. धुरकट काच उजेड कमी करते आणि शिवाय तो विखुरते. म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जास्त येतं.

दिवसा लाइट बंद ठेवून तिरक्या कोनातून काच पाहा. ओलं बोट फिरवल्यावर तेवढी जागा क्षणभर स्वच्छ दिसली, तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे आणि ती निघते. फरक पडला नाही, तर धुरकटपणा आतून असण्याची शक्यता आहे. तिथे घासून उपयोग नाही.

घासायची पद्धत अशी. काच साबणाने धुवा आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. जुना थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, नुसता पिवळेपणा असेल तर १०००ने. पेपर आणि काच दोन्ही सतत ओले हवेत. सुरुवातीला पिवळसर पाणी निघतं. ते पूर्ण पांढरं होईपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथल्या घाईने. मग १५००, २००० आणि ३०००. प्रत्येक पेपर आधीच्या दिशेला काटकोनात फिरवला की जुने ओरखडे राहिलेत का ते लगेच कळतं. शेवटी पॉलिश कंपाउंड आणि फोमचा पॅड. मशीन वापरत असाल तर वेग कमी ठेवा आणि पॅड एका जागी थांबवू नका, कारण प्लास्टिक तापून मऊ पडतं.

एवढं झाल्यावर काच नव्यासारखी दिसते आणि लोक तिथेच थांबतात. पण आपण बचावाचा थर पूर्ण काढून टाकलेला आहे. नवा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसून, वाळवून, हेडलाइटसाठीचं यूव्ही रोधक क्लिअर कोट द्या. दोन घटकांचं क्लिअर जास्त टिकतं, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासातून अपाय करणारं रसायन असतं. योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा नसेल तर ते घरी मारू नका. टूथपेस्ट घासण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तीही चमक देते, पण थर देत नाही.

काच स्वच्छ होऊनही उजेड मेलेलाच असेल तर बल्ब काढून आतला रिफ्लेक्टर पाहा. आरशासारखी चकाकी जाऊन तो राखाडी किंवा तपकिरी झाला असेल, बल्बच्या वरच्या बाजूला भाजल्याचा डाग असेल, तर पूर्ण हेडलाइट बदलण्यावाचून इलाज नाही. रिफ्लेक्टर पुसायला जाऊ नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की फडक्यानेही निघतो.

व्होल्टेज: दहा मिनिटांची तपासणी

हॅलोजनचा फिलामेंट व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. उजेड साधारण व्होल्टेजच्या ३.४व्या घाताने बदलतो. बल्बपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज ५ टक्क्यांनी घटला की उजेड सुमारे १६ टक्क्यांनी जातो, १० टक्क्यांनी घटला की ३० टक्क्यांनी. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे ०.०२६ ओहम रोध असतो. अशा ४ मीटर वायरमधून ५ अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट तिथेच संपतो. स्विचचे काळे पडलेले पॉइंट, कनेक्टर आणि गंजलेलं अर्थिंग यांचा हिशेब वेगळाच.

मोजायचं असं: इंजिन चालू ठेवा, डिपर (खाली झुकलेला, जवळचा झोत) लावा आणि बल्ब जोडलेलाच राहू द्या. बल्ब काढून मोजलं तर करंट वाहत नाही आणि मीटर खोटं समाधान देतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळं टोक होल्डरच्या मागून बल्बच्या डिपरच्या पिनला लावा. जो आकडा येईल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि बल्बची अर्थ पिन यांच्यामध्ये तसंच मोजा. दोन्हींची बेरीज ०.३ व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. ०.५ व्होल्टच्या वर असेल तर काम करण्यासारखं आहे. १ व्होल्ट हरवत असेल तर जवळजवळ पाव उजेड वायरिंग खातंय.

अर्थच्या बाजूला घट जास्त असेल तर नशीब चांगलं. बॉडीवरचा अर्थचा बोल्ट खोलून, धातू चमकेपर्यंत घासून, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बदलून घट्ट केलं की काम होतं. पॉझिटिव्ह बाजूला असेल तर रिलेचं, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचं, वेगळं वायरिंग टाकावं लागतं. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि बॅटरीपासून पंधरा-वीस सेंटीमीटरच्या आतच १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज बसवा. डिपर आणि अप्पर (लांबचा झोत) यांच्यासाठी वेगवेगळे रिले हवेत. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा पुरवठा, ८७ मधून बल्बला, ८६ला गाडीच्या मूळ हेडलाइटच्या वायरचा इशारा आणि ८५ अर्थला. फ्यूज बॅटरीजवळ असणं ही औपचारिकता समजू नका. फ्यूजच्या अलीकडची वायर घासून बॉडीला लागली तर तिला थांबवणारं काहीच नसतं आणि आग तिथूनच लागते.

दोन अडचणी आधीच माहीत असाव्यात. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थच्या बाजूला असतो. तिथे एच४ (अप्पर-डिपर दोन्ही देणाऱ्या) बल्बच्या होल्डरच्या सामाईक पिनला कायम पॉझिटिव्ह येतं आणि वर सांगितलेली जोडणी चालत नाही. आणि नव्या गाड्यांत हेडलाइटचा पुरवठा कंट्रोल युनिट तुकड्या-तुकड्यांत, म्हणजे पीडब्ल्यूएम पद्धतीने देतं. साधा मल्टिमीटर तिथे फसवे आकडे दाखवतो आणि साधा रिले फडफडतो. अशा गाडीत वायरिंगच्या वाटेला न गेलेलं बरं.

फोकस: खर्च नाही, तरी सगळ्यात दुर्लक्षित

डिपरचा झोत किंचित खाली झुकलेला असतो. बहुतेक गाड्यांत हा कल १ ते १.५ टक्के असतो, आणि नेमका आकडा अनेकदा बोनेटखाली किंवा हेडलाइटवरच छापलेला सापडतो. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटीमीटर खाली. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल तर १ टक्का कलाला झोताचा वरचा काठ ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. कल चुकून २ टक्के झाला की तोच काठ जेमतेम ३२ मीटरवर टेकतो. भिंतीवर दहा सेंटीमीटरचा फरक, आणि अंतर निम्मं. कुठलाही बल्ब हे भरून काढू शकत नाही.

सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करा. टायरमध्ये ठरलेली हवा, टाकी साधारण अर्धी, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस आणि डिकी रिकामी. डॅशबोर्डवर हेडलाइट वर-खाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर. दोन्ही हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच्या १० सेंटीमीटर खाली (कल १ टक्का असेल तर) आडवी टेप लावा. प्रत्येक हेडलाइटच्या मध्यासमोर उभी टेप लावा. एका बाजूच्या हेडलाइटपुढे पुठ्ठा उभा करा आणि दुसरा पाहा. चालू हॅलोजनवर कापड टाकून ठेवू नका, प्लास्टिक तापतं.

कट-ऑफची, म्हणजे झोताच्या वरच्या काठाची, सपाट रेषा आडव्या टेपवर बसली पाहिजे आणि ती जिथून वर चढायला लागते तो कोपरा उभ्या टेपवर. डावीकडून वाहतूक चालते तिथल्या गाडीत रेषा डावीकडे वर चढते, उजवीकडच्या वाहतुकीत उलट. हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायला आणि एक आडवा सरकवायला. अर्धा-अर्धा फेरा द्या आणि थांबून पाहा. स्क्रू फिरतो पण झोत हलत नाही, असं झालं तर आतली प्लास्टिकची गुंडी तुटलेली असते.

बल्ब बदलल्यावर हे पुन्हा तपासायचं. बल्ब खाचेत नीट बसला नसेल तर कट-ऑफ वाकडीतिकडी दिसते. स्क्रू फिरवण्याआधी बल्ब काढून नीट बसवा.

चांगला हॅलोजन बल्ब कोणता

एच१ हा पहिला हॅलोजन हेडलाइट बल्ब १९६२चा, आणि एकाच बल्बमध्ये अप्पर-डिपर देणारा एच४ १९७१चा. इतक्या वर्षांत मूळ तत्त्व बदललेलं नाही. तापलेल्या टंगस्टनचे कण उडतात, ब्रोमिनसारख्या हॅलोजनशी जोडले जातात आणि पुन्हा फिलामेंटवर येऊन बसतात, म्हणून बल्बची काच काळी पडत नाही. १३.२ व्होल्टला एच७ हा एकाच फिलामेंटचा बल्ब १५०० लुमेन (बल्बमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) देतो. एच४ डिपरला १००० आणि अप्परला १६५० लुमेन. या आकड्यांभोवती थोडी सूट असते, पण मान्यताप्राप्त बल्ब त्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. मग ‘१५० टक्के जास्त’ हे येतं कुठून? फिलामेंट अधिक आखूड आणि घट्ट गुंडाळलेला असतो, जास्त तापतो, आणि जागेवर जास्त काटेकोर बसवलेला असतो. त्यामुळे झोताच्या ऐन गाभ्यात तीव्रता वाढते. टक्केवारी असते ती मानकातल्या किमान पातळीशी तुलना करून, झोतातल्या ठरावीक बिंदूंपुरती. फायदा खरा आहे, फक्त छापलेल्या आकड्याच्या बराच अलीकडे. किंमत मोजावी लागते ती आयुष्यात: असे बल्ब साध्या बल्बच्या निम्मेही टिकत नाहीत. रात्री हायवेवर बरंच चालवणाऱ्याने ते घ्यावेत. दिवसभर लाइट लावून शहरात फिरणाऱ्याला साधा किंवा लाँग लाइफ बल्ब पुरतो.

निळसर काचेचे बल्ब मात्र टाळा. फिलामेंट जितका जास्त तापतो तितका उजेड पांढरा होतो, आणि खोक्यावरचे केल्विन म्हणजे त्याच रंगाचं माप. पण टंगस्टन सुमारे ३७०० केल्विनला वितळतं. त्यामुळे ‘५००० केल्विन’ लिहिलेला हॅलोजन बल्ब म्हणजे निळ्या रंगाचा थर लावून पिवळा उजेड अडवलेला बल्ब. उजेड पांढरा दिसतो तो काहीतरी वजा करूनच.

आणि १००/९० वॅटचे एच४? उजेड वाढतो यात शंका नाही. पण ९० वॅट म्हणजे १२ व्होल्टला साडेसात अँपिअर, आणि मूळ होल्डर, वायर, स्विच ५५ वॅटच्या हिशेबाने बनवलेले असतात. होल्डर तपकिरी होतो, पिन सैल पडते, सैल पिन आणखी तापते. रिले आणि सिरॅमिक होल्डर टाकून वायरिंग वाचतं, तरी प्लास्टिकचा रिफ्लेक्टर भाजायचा तो भाजतोच. रस्त्यावर हे बल्ब बहुतेक देशांत चालत नाहीत, आणि झोत तोच असल्याने समोरच्यावर जाणारा चमकाराही त्याच प्रमाणात वाढतो.

बसवताना बल्ब बुडाला धरा. काचेला बोट लागलं तर तेलकट डागाच्या जागी क्वार्ट्झ काच जास्त तापते आणि तिथूनच खराब होते. लागलंच तर अल्कोहोलने पुसा. दोन्ही बाजूंचे बल्ब एकत्र बदला. रबरी झाकण घट्ट बसलंय ना ते पाहा, नाहीतर पहिल्याच पावसात आत बाष्प धरतं.

एलईडी बल्ब: इथे बहुतेक पैसे वाया जातात

हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका लहानशा, सगळ्या बाजूंनी प्रकाश टाकणाऱ्या फिलामेंटसाठी आखलेला असतो. एच७ मध्ये तो जेमतेम ४ मिलिमीटर लांब आणि एक-दीड मिलिमीटर जाड असतो. एलईडी बल्बमध्ये पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, मध्ये पट्टीची जाडी. रिफ्लेक्टरला एकाऐवजी दोन दिवे दिसतात, तेही किंचित चुकीच्या जागी. परिणाम असा की गाभ्यातली तीव्रता घटते, उजेड जवळ सांडतो आणि काही कट-ऑफच्या वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला मात्र रस्ता आधीपेक्षा उजळ ‘वाटतो’. वर सांगितलेली डोळ्याची फसवणूक ती हीच.

एच४ मध्ये प्रश्न आणखी किचकट. मूळ बल्बात डिपरच्या फिलामेंटखाली एक धातूची वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा उजेड अडवते आणि कट-ऑफ त्यातूनच तयार होते. एलईडीमध्ये या वाटीची नक्कल एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी कट-ऑफ फाटते.

लुमेनचे आकडे तर हसण्यासारखे असतात. ‘२०,००० लुमेन’ लिहिलेला बल्ब प्रत्यक्षात २५ वॅट ओढत असेल, तर त्यातून अडीच हजार लुमेन बाहेर पडले तरी खूप झालं. शिवाय एलईडी तापली की उजेड घटतो. दुकानात दोन मिनिटं पाहून निर्णय घेऊ नका, वीस मिनिटं चालवल्यानंतर पाहा.

सगळेच एलईडी बल्ब टाकाऊ आहेत असंही नाही. जर्मनीत २०२०मध्ये एका नामांकित कंपनीच्या एच७ एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली, पण फक्त यादीतल्या गाड्यांसाठी, त्या-त्या हेडलाइटमध्ये चाचणी करून. मुद्दा तोच आहे: चांगला एलईडी बल्ब असं स्वतंत्र काही नसतं, एखाद्या विशिष्ट हेडलाइटमध्ये चांगला ठरलेला बल्ब असतो. तुमच्या गाडीसाठी अशी यादी आणि परवानगी नसेल तर हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी लावणं बहुतेक ठिकाणी नियमबाह्य आहे. विम्याच्या दाव्याच्या वेळीही ते अंगाशी येऊ शकतं.

तरीही तुलना करायचीच असेल तर एका बाजूला हॅलोजन, दुसऱ्या बाजूला एलईडी लावा आणि १० मीटरवरच्या भिंतीवर पाहा. चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला तोंड करून असाव्यात. बहुतेक बल्बांना त्यासाठी फिरवायची कॉलर असते. फोनचा कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो एकाच एक्स्पोजरने काढा. गाभा हॅलोजनपेक्षा फिका असेल किंवा रेषेच्या वर धूसर उजेड दिसत असेल, तर बल्ब परत करा. प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये (ज्यात झोत भिंगातून बाहेर पडतो) कट-ऑफ आतल्या पडद्यामुळे तयार होते, म्हणून चमकारा कमी असतो. पण गाभा तिथेही फिका पडू शकतो.

बाकी कटकटी किरकोळ: मागचा पंखा रबरी झाकणाला अडतो, एफएम रेडिओवर खरखर येते, करंट कमी असल्याने गाडी ‘बल्ब गेला’ अशी सूचना देते. ती घालवायला दिला जाणारा रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. तो प्लास्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला बांधू नका, धातूच्या बॉडीवर स्क्रूने बसवा.

एचआयडी किटबद्दल, म्हणजे फिलामेंटऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजेड देणाऱ्या दिव्यांबद्दल, थोडक्यात: ३५ वॅटला सुमारे ३२०० लुमेन, म्हणजे हॅलोजनच्या दुपटीहून जास्त, पण प्रकाशाचा स्रोत फिलामेंटसारखा नसून वाकलेल्या ठिणगीचा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये तो फक्त आंधळं करतो.

मोठा बदल करायचाच असेल तर

हेडलाइट उघडून आत बाय-एलईडी (अप्पर-डिपर दोन्ही देणारा एलईडी) प्रोजेक्टर बसवणं हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सरस उपाय आहे, कारण लेन्स आणि प्रकाशाचा स्रोत एकमेकांसाठी बनवलेले असतात. धोका कारागिरीचा. काच काढताना ब्यूटिल सीलंट गरम करून मऊ करावं लागतं. परत बसवताना जुनं सीलंट पूर्ण काढलं नाही तर आत पाणी शिरतं. प्रोजेक्टर अर्धा अंश जरी फिरून बसला तरी कट-ऑफ तिरकी होते आणि ते बाहेरच्या स्क्रूने सुधारत नाही. बदललेल्या हेडलाइटची मूळ मान्यताही जाते.

त्याऐवजी पूर्ण नवा हेडलाइट घेत असाल तर काचेवरची अक्षरं वाचा. वर्तुळातला ई आणि आकडा म्हणजे मान्यता, ‘एचसी’ म्हणजे हॅलोजन डिपर, ‘एचआर’ म्हणजे हॅलोजन अप्पर, ‘पीएल’ म्हणजे प्लास्टिकची काच. बाण अजिबात नसेल तर तो हेडलाइट उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. डावीकडच्या वाहतुकीत तो लावला तर झोताचा चढता भाग थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाईल.

तक्रार फक्त अप्परबद्दल असेल, म्हणजे मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर लांबचं दिसत नाही अशी, तर हेडलाइटला हात न लावता मान्यताप्राप्त जादा ड्रायव्हिंग लाइटची जोडी लावा. इशारा अप्परच्या वायरवरून घ्या, म्हणजे डिपरवर येताच दोन्ही आपोआप विझतील. वेगळा स्विच द्यायचाच असेल तर तो याच इशाऱ्याच्या वायरमध्ये टाका. थेट बॅटरीवरून घेतला तर कधी ना कधी तो चालूच राहून जातो.